भामाने अडवलेला रस्ता

भामाच्या आवाजाची नांदईपाड्यात चेष्टा व्हायची. तिने दारातून हाक मारली की पार खाडीवरच्या मिठागरात तिचा नवरा महादेव मान वर करायचा, आणि त्याच्यासोबत फावडी मारणारे सगळेच. जासईहून लग्न होऊन आली तेव्हा सासू दटावायची, "बायकांनी हलू बोलावं." पण पुढे मिठागराच्या मुकादमाने मजुरांचं पिण्याचं पाणी तोडलं, तेव्हा त्याच सासूने तिला पुढे ढकललं. "जा, तूच बोल." भामा बोलली आणि पाणी आलं. तेव्हापासून गावात काही अडलं की लोक तिच्या ओटीवर येऊन बसायला लागले.

मग मिठागरंच बंद पडली. मुलगा प्रणित जासईच्या कंटेनर यार्डात लागला. महादेवला काम उरलं नाही, तरी खाडीची ओढ सुटली नाही. पागाचं जाळं खांद्यावर टाकायचा आणि सकाळी बांधावर जायचा. कधी चार बोयटं मिळायची, कधी नुसता चिखल घेऊन यायचा.

गावापुढचा रस्ता रुंद व्हायला लागला त्याच सुमारास वल्लरी आली. पनवेलच्या खांदा कॉलनीत राहणारी, बँकेत नोकरीला, सुटीच्या दिवशी सायकलवर हिंडणारी. तिच्या सायकलवाल्या मंडळींनी, एका सरकारी खात्याने आणि एका कंपनीने मिळून मिठागराच्या जुन्या बांधावर वाट करायचं ठरवलं होतं. लोकांना चालायला, सायकल चालवायला, पक्षी बघायला. बांधावर वहिवाट गावाची, म्हणून गावाचा होकार हवा होता.

गावदेवीच्या देवळात सभा भरली. पुरुष नको म्हणत होते. वल्लरीने मोठा नकाशा जमिनीवर अंथरला आणि एका जागी बोट ठेवलं. "इथे रस्त्याखालून भुयारी मार्ग येणार आहे, मावशी. गावातून थेट बांधावर. वाटेचाच भाग आहे तो."

भामा वाकून बघत राहिली. गाव रस्त्याच्या या अंगाला होतं. खाडी, बांध आणि गावाचं स्मशान त्या अंगाला. सहा पदरी रस्ता झाल्यावर पलीकडे जायचं कसं, ही तिला खरी काळजी होती. नाहीतर लांबच्या पुलाखालून वळसा, म्हणजे जाऊन येऊन अर्धी सकाळ.

"भुयार व्हनार ना? नक्की?"

"नक्की."

"तर देऊन टाका बांध," भामा सभेकडे वळून म्हणाली. "शेरातली मानसं चालतील, आपलीबी चालतील. बांध काय झिजनार हाय?"

तिच्या शब्दावर गावाने होकार दिला.

वाट झाली. लाल फरशी, बाकडी, बगळ्यांची चित्रं रंगवलेले फलक. रस्ताही झाला. मधे कठडा उभा राहिला, दोन्ही कडांना लोखंडी रेलिंग आलं. भुयार मात्र कुठेच दिसेना. प्रणितने साइटवरच्या इंजिनिअरला विचारलं, तर तो म्हणाला, पुढच्या टप्प्यात बघू. शहरातली माणसं गाडीने यायची, पलीकडच्या बाजूला गाड्या लावायची आणि वाटेवर चालायची. गावातले लोक रेलिंगवरून चढून, कठड्यावर थांबून, पुन्हा चढून पलीकडे जायचे.

महादेवही तसाच जायचा. भामा रोज भांडायची. "वलसा घालून जा."

"वलसा घालीपरत भरती सरंल," तो म्हणायचा.

त्या दिवशी त्याला यायला उशीर झाला, म्हणून ती रस्त्यापर्यंत गेली. तो मधल्या कठड्यावर उभा होता, खांद्यावर पाग, हातात पिशवी. तिला बघून हसला आणि खाली उतरून चालायला लागला. तेवढ्यात वळणावरून येणारी गाडी तिला दिसली. ती जीव खाऊन ओरडली, "थांबा!"

तो थांबला. तिचा आवाज ऐकून तो जन्मभर थांबत आला होता, तसाच रस्त्याच्या मधोमध थांबला.

गाडीवाल्याने ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. लोक धावले. त्याला पनवेलच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

चालत राहिला असता तर पोचला असता. हे भामाला त्याच क्षणी कळलं आणि मग ते कधी गेलंच नाही. प्रणितला तिने सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. तिने ओरडून सावध केलं होतं, एवढंच गावाला ठाऊक राहिलं.

दुपारी प्रेत घरी आणलं. तिरडी बांधून झाली आणि प्रश्न उभा राहिला, न्यायचं कसं? शववाहिनी बोलवा, पुलाखालून वळसा घालू, असं जाणती माणसं म्हणाली. तोपर्यंत भिंतीला टेकून बसलेली भामा उठली.

"गाडीत नाय घालायचं त्यानला. आपल्या गावची मानसं खांद्यावर जातात. हितनंच जायाचं."

"आई, रस्ता वाहतोय," प्रणित म्हणाला.

"मी थांबवते."

बायकांनी प्रेतामागे जायची रीत नव्हती. ती मागे गेलीच नाही, पुढे गेली. रेलिंग ओलांडून रस्त्यात उतरली आणि येणाऱ्या ट्रेलरसमोर हात वर करून उभी राहिली. ट्रेलर करकरत थांबला. त्याच्या बाजूने निघालेल्या आणि कठड्यापलीकडच्या गाड्यांसमोर गावातल्या दुसऱ्या बायका जाऊन उभ्या राहिल्या. हॉर्न वाजायला लागले, शिव्या आल्या. पुरुषांनी तिरडी रेलिंगवर चढवली. पलीकडच्यांनी ती उचलून घेतली. मधल्या कठड्यावर तिरडी कलली, महादेवचं डोकं एका बाजूला घसरलं, आणि प्रणितने रडत रडत दोन्ही हातांनी ते सावरलं. भामाने ते पाहिलं. हात खाली घेतला नाही.

प्रेत पलीकडे पोचलं तरी ती हलेना. शेवटी दोघींनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. पुढे पोलिसांनी रस्ता अडवल्याबद्दल प्रणितला आणि चार पुरुषांना बोलावून घेतलं, समज देऊन सोडलं. भामाला कोणी काही विचारलं नाही.

दहाव्यानंतर वल्लरी आली. ओटीवर बसली, पण पाण्याला हात लावेना.

"मावशी, भुयारी मार्ग मंजुरीतच काढून टाकला होता. काम सुरू व्हायच्या आधी मला कळलं होतं. वाटलं, वाट तर होऊ दे, मग भांडून करून घेऊ."

"तवा सांगितलं असतंस तर आमी बांध दिला नसता," भामा म्हणाली. "म्हनून नाय सांगितलंस."

वल्लरी नाही म्हणाली नाही. ती खरोखरच भांडत होती. अर्ज करत होती, माणसांना भेटत होती. भामाला ते कळत होतं, आणि त्याने तिचा राग कमीही होत नव्हता.

"पानी पी आनि जा," एवढंच ती म्हणाली. वल्लरी पुन्हा आली नाही.

पावसाळ्यानंतर वल्लरीच्या भांडण्याचं फळ आलं. दोन्ही रेलिंगला आणि मधल्या कठड्याला फाटक बसवलं. गावात मयत झाली तर पोलिसांना कळवून उघडायचं, एरवी कुलूप. म्हणजे मेलेल्यांची सोय झाली. जिवंत माणसांनी वळसा घालायचा, असा फलकही लागला. चावी गावात कोणाकडे तरी ठेवायची होती. नको नको करत ती प्रणितकडे आली.

भामाने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि पदराला बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीत कालवं काढायला जाणाऱ्या बायका रेलिंगवर चढत होत्या, तेव्हा तिने फाटक उघडलं. रस्त्यात उतरली, हात वर केला. दोन गाड्या तिला चुकवून भर्रकन निघून गेल्या, तिसरी थांबली. बायका धावत पलीकडे गेल्या.

आता ती रोजच जाते. पोलीस दोनदा येऊन दम देऊन गेले. प्रणितने समजावून पाहिलं, मग चिडला. "आई, उद्या कोनी मेलं तर तुज्यावर येईल."

भामा चावीचा पदर कमरेला खोचत होती. "येऊ दे," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे चालायला लागली.