कडुलिंबाखालची सोलर पाटी

एरंडोलच्या रस्त्यावरचा तो बॅटरीवाला मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहून गेलं, कारण मी माझ्याच हुशारीचं वर्णन करत होतो.

गाडीमागे ओढायचं फिरतं घर मी स्वतः सजवलं होतं. छतावर सोलरची पाटी, आत बॅटरी, तिच्यावर चालणारा छोटा फ्रिज आणि फ्रिजमध्ये बायकोचं इन्सुलिन. फ्रिज रोज दुपारी बंद पडायचा. वायरी तीनदा काढून जोडल्या, पण कोडं काही सुटेना.

त्याने डोक्यावरचा ओला रुमाल पिळला, बॅटरीला हात लावला आणि बाहेर येऊन वर पाहिलं. वर कडुलिंब होता.

"रोज आशीच उभी करतस का गाडी?"

"अर्थात! मे महिन्यात उन्हात कोण ठेवतं?"

"भाऊ, बठ्ठ्या वायरी बराबर शेतस. तुम्ही सावलीमा बठा, पाटीले उनमा राहू द्या." म्हणजे वायरी सगळ्या ठीकच होत्या.

बायकोने इन्सुलिन त्याच्या दुकानातल्या गार माठाशेजारी नेऊन ठेवलं.

ट्रेलर उन्हात ढकलून त्याने मोकळ्या झालेल्या सावलीत मला स्टूल दिलं. तो स्वतः मात्र फ्रिज घरघरेपर्यंत मीटर धरून उन्हातच उभा राहिला.

अजूनही झाड दिसलं की माझं स्टिअरिंग आपोआप तिकडे वळतं. मग तो आठवतो, आणि मी मुकाट्याने गाडी उन्हात घेतो.