तीन पायांचा चौरंग

श्रीबालकृष्णाच्या चरणी मस्तक ठेवून, आजच्या गोकुळाष्टमीच्या निमित्ताने दहिवलीच्या एका सुतारकाकांविषयी लिहितो. हातात लाकूड आले की ते आधी हुंगतात, गालाला लावतात आणि मगच बोलतात.

आमच्या देवाचा फणसाचा चौरंग वाळवीने पोखरला. माझ्या दिवंगत पत्नीने ज्यावर आयुष्यभर पूजा मांडली, त्याचे दीड वीत लाकूड तेवढे शाबूत राहिले.

‘एवढ्यात लहानसा चौरंग होईल?’ मी विचारले.

‘बघू द्या की, गुरुजी. तुमी मंत्र म्हनताना मी घाई करतो का?’

आठ दिवस ते रेघा ओढून पुसत होते. काल चौरंग हाती आला, तो तीनच पायांचा! शेजारी सागाच्या तुकड्यांनी पेटी भरलेली होती.

‘चौथा यातला लावायचा होता,’ मी खिन्नपणे म्हणालो.

‘काकूंच्या चौरंगाला परकं लाकूड? नाय जमायचं. अन् तीन पायांवर डुगडुगायचा बी नाय. ठेवून तर बघा!’

आमच्या उंचसखल फरशीवर जुना चौरंग सदैव डुलत असे. पत्नी त्याखाली कागदाची घडी सारीत असे. आज बाळकृष्ण निश्चल बसले आहेत. ती घडी मी पोथीत जपून ठेवली आहे.

वाचकहो, आपल्या घरचे देव आणि माणसे अशीच सुस्थिर राहोत.