साहेबाच्या चुलीचं सारवण

आमच्या उत्रोलीच्या घरी विलायती चूल आली ती मोटारीच्या टपावरून, गोणपाटात गुंडाळून. माझे थोरले दीर पुण्यात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेबाचं बिऱ्हाड विलायतेला निघालं तेव्हा मडमेनं ती त्यांना देऊन टाकली. भोरपर्यंत मोटार आणि तिथून पुढं दिरांचं डोकं, असा तिचा प्रवास झाला. चूल कसली, पत्र्याची पेटीच ती. पुढं दार, आत जाळी. खाली निखारे, वर निखारे, मधे बिस्किटं भाजायची, एवढं सांगून दीर परत पुण्याला गेले.

सासूबाईंनी दार उघडलं आणि तसंच लावलं. आतून सगळीकडं बोटभर काळा चिकट थर बसलेला. साहेबाच्या घरचं तूप, तेल, चरबी, देव जाणे काय काय, जळून जळून त्याचं डांबर झालेलं.

"ह्यात सायबानं काय काय भाजलं आसंल, त्ये पांडुरंगालाच ठावं!" म्हणाल्या.

आता मटण काय आम्ही खात नव्हतो? जत्रेला बोकड पडला की नळी आधी सासूबाईंच्या ताटात. पण साहेबाचं मटण निराळं, ते बाटवतं. वाद कोण घालणार? पेटी गोठ्याच्या कडेला गेली आणि कोंबड्या तिच्यावर बसायला लागल्या.

ती तिथंच गंजून गेली असती, पण वन्संला स्थळ आलं. वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्याहून थोडी लहान, उंच, सावळी, कामाला वाघीण. तिला बघून गेलेल्या दोन्ही घरांनी 'मुलगी फार उंच आहे' असा निरोप धाडला होता. मेल्यांनो, उंच आहे म्हणून काय तिला उखळात घालून ठेचायची? मला असा संताप यायचा! आणि सासूबाईंनी तर सांगूनच टाकलं होतं, आता हे स्थळ फिरलं की वेल्ह्याकडचा बिजवर पक्का. त्या बिजवराचा थोरला मुलगा वन्संच्या वयाचा होता.  वन्सं जात्यावर बसली की गाणं म्हणायची, ते तिनं बंद केलं.

नवं स्थळ शिवऱ्याचं. सडकेवर त्यांचं चहाचं दुकान, जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारी थांबायच्या. मुलाच्या आईला दुकानातल्या बरणीत घरची नानकटाई ठेवायची होती आणि ती करणारी सून हवी होती. आमच्या सासूबाई तिला नसरापूरच्या बाजारात भेटल्या आणि भर बाजारात बोलून बसल्या, "आमची पोरगी अशी नानकटाई करती म्हंता! सायबाची चूलच हाय आमच्या घरी." मग घरी येऊन मला विचारलं, "नानकटाई मंजी काय गं?"

मी कपाळावर हात मारला. माझं माहेर भोरातलं. आमच्या गल्लीत एका मुसलमान कुटुंबाची भट्टी होती. दिवाळीला आम्ही तूप-साखर फेसून, पीठ मळून, परातीत गोळे मांडून तिकडं न्यायचो आणि भाजून आणायचो. एवढ्या भांडवलावर मी घरातली जाणती ठरले.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी आणि वन्सं सकाळीच पेटी घेऊन बसलो. आधी उलथन्यानं खरवडली. थर काही हलेना. मग पातेलंभर राख पाण्यात उकळली, वरचं निवळ पाणी कढत कढत आत ओतलं आणि दार लावून ठेवलं. काय सांगू, घटकाभरानं दार उघडलं तर आतला थर मऊ पडून पापुद्र्यांनी सुटायला लागला! मग ओढ्याची वाळू आणि काथ्या घेऊन जी घासली! गंजाला चिंच आणि मीठ, कोपऱ्यांना काडीला बांधलेली चिंधी, शेवटी रिठ्याचा फेस. सासूबाई लांब उभ्या राहून पदर नाकाला लावून गोमूत्र शिंपडत होत्या. निम्मं माझ्या डोक्यावर पडलं.

"आत्याबाई, पेटीवर शिंपडा की, मी कुठं बाटलीय?"

"असू दे, तुलाबी बरंच हाय."

दुपारपर्यंत पत्रा असा लखलखला की वन्संनं त्यात तोंड बघितलं आणि किती दिवसांनी हसली. "वैनी, ह्यात तर मी बुटकी दिसती!" म्हणाली. मला भरून आलं. पेटी उन्हात वाळत ठेवून मी मैदा आणायला भोरला गेले.

परत आले आणि हातातली पिशवी खालीच पडली. सासूबाईंनी पेटी सारवून ठेवली होती. शेण आणि पांढऱ्या मातीनं. बाहेरून, आतून, जाळीसकट. दारावर हळदकुंकवाची बोटं.

"आत्याबाई! हे काय केलंत?"

"काय केलं मंजी? न सारवल्या चुलीत इस्तू घालत्यात व्हय कुनी?"

"अवो, पत्र्याची हाय ती!"

"पत्र्याची आसली तरी चूलच न्हवं? पोरगी दावायचीय, अन् चूल उघडीबोडकी?"

मी फडकं उचललं तशा त्या अंगावरच आल्या. "सारवल्याली चूल पुसायची? पावनं दारात यायच्या येळंला? पोरीचं वाटोळं करायचंय व्हय?" आता त्यांच्या पोरीचं वाटोळं माझ्या फडक्यानं झालं असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून फडकं खाली ठेवलं.

सकाळी त्याच पेटीत नानकटाई भाजली. रंग काय सुरेख आला, बदामी! पण दार उघडलं आणि शेणाचा असा भपकारा आला की मी मागं सरले. सारवण तापून शेणाचा वास तुपात मुरला होता. वरून मातीच्या खपल्या पडल्या होत्या, त्या मी टोकरून काढल्या. वास कसा टोकरणार? वन्संनं तुकडा तोंडात टाकला, तिचे डोळे भरले. "वैनी, आता बिजवरच," म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

सासूबाईंनीही एक खाल्ली. "झ्याक झालीया!" त्यांचं नाक तपकिरीनं कधीच कामातून गेलेलं. दुसरं काही करावं तर वेळ नाही. बैलगाडी दारात आली होती.

मुलगा, त्याची आई आणि मामा ओसरीवर बसले. सासूबाईंनी मोठ्या ऐटीत बशी पुढं केली. वन्सं आत दाराआड उभी, तिच्या मागं मी. तिचा हात माझ्या हातात होता, गार पडलेला. मुलाच्या आईनं एक घास घेतला. तोंड थांबलं. तिनं बशीकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं, नंतर गोठ्याकडं. उरलेली हळूच बशीत ठेवली. "पोट भरलंय वो," म्हणाली. मामानं हातच लावला नाही. संपलं म्हटलं सगळं. देवा, ह्या बाईच्या सारवणाला आग लागो!

तेवढ्यात मुलानं एक उचलली. सबंध खाल्ली. दुसरी घेतली. आई त्याच्याकडं बघतच राहिली. तिसरी खाऊन तो पाणी प्याला आणि म्हणाला, "आई, चांगली हाय की."

आईचं तोंड उघडं ते उघडंच. पण लेकानंच पसंत केल्यावर ती काय बोलणार? कुंकू लागलं, सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर सासूबाई मला म्हणतात, "बगितलंस? सारवान कामाला आलं!"  मला निराळीच काळजी लागली होती. पोरगं दिसायला चांगलं, पण नाकात काही दोष तर नाही ना? सासू तशी, जावईही तसाच!

लग्न झालं. वन्सं पहिल्यांदा माहेरी आली ती अंगानं भरून, हसत. आल्या आल्या जात्यावर बसली आणि गायला लागली. मी शेजारी बसून कानात विचारलं, "वन्सं, खरं सांगा. भाऊजींना वास येतो का?"

ती लाजून लाल झाली. "म्याबी तेच इचारलं पैल्या दिशी."

"मग?"

"म्हनले, येत व्हता की. पार गोठ्याचा वास व्हता. पन तू दाराआडनं बघत व्हतीस. कशी टाकू?"