भोंग्यातली हाक

गिरडच्या टेकडीपलीकडे बाबाराव झाडे यांचं तीन एकर वावर आहे. जंगल धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागूनच, त्यामुळे तिथे पेरणी एकट्या बाबारावांची आणि कापणी सगळ्यांची. रात्री रानडुकरं, पहाटे रोही म्हणजे नीलगाई, दिवसा वानरं; त्यांनी आपसात पाळ्याच लावून घेतल्या होत्या. बायको सुमती होती तोवर राखण दोघांत वाटलेली असायची. ती गेली, लेक दीपमाला लग्न होऊन चंद्रपूरला गेली, आणि राखणीच्या सगळ्या पाळ्या एकट्या बाबारावांकडे आल्या.

लेकीने मग बॅटरीवरचा भोंगा आणून दिला. एकदा आपला आवाज भरायचा, की तो दर दोन मिनिटांनी ओरडत राहतो. आवाज भरताना बाबाराव आधी नुसतं 'हाट्, हुर्र' करत होते. मग त्यांना वाटलं, एकट्या म्हाताऱ्याला डुकरं कशाला भितील? वावरात चारचौघं आहेत असं वाटलं पाहिजे. म्हणून त्यांनी घसा ताणून हाका मारल्या, "नत्थू, धाव रे! किसनराव, तिकडून या! सुमते, काठी आन!" सुमतीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिचं नाव तोंडात कसं आलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही, आणि आल्यावर ते पुसायला हात धजला नाही.

नत्थू हा धुऱ्यापलीकडचा शेजारी. पहिल्या दिवशी तो खरंच काठी घेऊन धावत आला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या वावरातले किसनराव आले. दोघंही पोटभर हसले, चहा प्यायले, सुखदुःखाचं बोलले. त्या दोन दिवसांत बाबारावांशी जेवढं बोलणं झालं तेवढं वर्षभरात झालं नव्हतं. पुढे जनावरं बुजत राहिली, पण माणसं सरावली. भोंगा दिवसभर त्यांना नावानिशी बोलवायचा आणि ती मान खाली घालून आपली कामं करायची. भोंगा जनावरांसाठी होता हे बाबारावांना कळत होतं. तरी आवाज त्यांचा होता, म्हणून वाईट वाटायचंच.

यंदा डिसेंबरात हरभरा घाट्यांवर आला होता. सकाळी मचाणावरून उतरताना शिडीची पायरी मोडली आणि बाबाराव कुल्ह्यावर आदळले. पाय हलेना. मोबाइल वर मचाणावरच राहिला. समोर धुऱ्यापलीकडे नत्थू कापूस वेचताना दिसत होता.

"नत्थू, धाव रे!" ते ओरडले.

नत्थूने मान वर केली नाही. लगेच भोंगाही तेच ओरडला. बाबारावांनी पडलो म्हणून सांगितलं, रामाची आण घातली, पण वाऱ्यावर पलीकडे पोचत होतं ते फक्त नाव, आणि नावाची आता कोणाला पर्वा नव्हती. तासभर दोघं आलटून पालटून ओरडले, एक खांबावरून, एक मातीतून. शेवटी बाबाराव रडले. कुल्हा दुखत होता म्हणून नव्हे. आपली हाक आपणच वाया घालवली म्हणून.

मग त्यांना सुचलं. कोपरांवर सरपटत ते खांबापाशी गेले. वीस पावलांना अर्धा तास लागला. त्यांनी बॅटरीची वायर ओढून काढली. वावर एकदम गप्प झालं, आणि आता त्यांच्या घशातही आवाज उरला नव्हता.

आधी वानरं आली. हातभर अंतरावर बसून घाटे सोलायला लागली. एका वानरीने बाबारावांकडे नीट बघितलं आणि खात राहिली. मग धुऱ्यावरून वैतागलेला नत्थू आला. "काकाजी, भोंगा काऊन बंद केला? वानरं माया वावरात घुसून राह्यले ना," असं म्हणता म्हणता तो थबकला.

सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी नत्थू भेटायला आला. हरभऱ्याची काळजी करू नका, म्हणाला, भोंगा मी पुन्हा लावून दिला आहे.

"त्यातून तुयं नाव काढून टाक," बाबाराव म्हणाले.

"काऊन जी?"

"मी खरंच हाक मारली, तं तुले समजलं पाहिजे. एक नाव तरी मले राहू दे."

 त्या सकाळी नत्थूने हाका ऐकल्या होत्या, नेहमीपेक्षा दुप्पट. मग तो चाचरत म्हणाला, की एकटं नाव निघत नाही, सगळंच नव्याने भरावं लागेल. सुमतीकाकूंना मारलेली हाकही जाईल.

बाबारावांनी खिडकीकडे तोंड केलं. "जाऊ दे," ते म्हणाले. "तिले कितीही बोलावलं तरी ती येत नाई."

महिन्याने ते वॉकर घेऊन घरी आले. मचाणावर चढणं आता विसरायचं होतं. लेक चार दिवस राहून परत गेली. दुपारी ओसरीवर एकटेच बसले असताना वारा वावराकडून फिरला आणि भोंगा ऐकू आला. आवाज नत्थूचा होता.

"ओ काकाजी, इकडं या जी लवकर!"

दर दोन मिनिटांनी. पहिल्यांदा बाबाराव हसले. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे पुसले. नंतर गल्लीत कोणी नाही असं बघून घेतलं, आणि पुढची हाक आली तेव्हा हळूच म्हणाले, "आलो रे."