पडद्याच्या फटीतलं कुंकू

भासऱ्यांनी, म्हणजे मालकांच्या थोरल्या भावानं, जुनी जीप घेतली आणि नांदेडहून तिच्यात टीव्हीसारखा लहान पडदा बसवून आणला. बोट लावलं की गाणं लागायचं. वसमत ते औंढा सीट भरून नेताना त्यांचं निम्मं ध्यान त्या पडद्यातच असे.

दसऱ्याला अवजारांची पूजा झाली, तशी जीपचीही. ताट मी धरलं होतं. भासऱ्यांनी ओल्या कुंकवाची बोटं स्टेअरिंगला लावली, मग पडद्याला, आणि वर अक्षता चिकटवल्या. कुंकू ओघळून चौकटीत गेलं. मी बोलले नाही. आमच्यात भासऱ्याशी बोलत नाहीत. समोर असले तरी पदर घेऊन जावेला सांगायचं, जाऊ त्यांना सांगणार.

दुसऱ्या दिवसापासून पडदा बिघडला. एकीकडे बोट लावावं तर भलतंच गाणं लागे, मधेच आवाज आपोआप वाढे. भासरे अंगणात जावेला म्हणाले, "तिचाच हात लागला असंल. चौथी शिकलेल्या बाईला जीपीत काहून जाऊ दिलंस?" मी तिथंच उभी होते. जाऊ हसली. मालक खाली पाहत राहिले.

दिवाळीला मला जीपनं शिरडला, माहेरी, सोडायचं ठरलं होतं. आईनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. "तिला म्हणावं बसनं जाय," भासरे म्हणाले. "जीपीत बसली तर आणखी काही मोडंल." बसमधून उतरले तेव्हा आई फाट्यावर उभी होती. माझ्या मागं बघत म्हणाली, "जीप मागून येऊन राहिली का?" तेव्हाच मनात धरलं. मला चारचौघांत बोलले, चारचौघांतच भासऱ्यांना खाली पाहायला लावीन.

परत आल्यावर एका दुपारी भासरे झोपलेले पाहून जीपमध्ये बसले आणि किल्ली अर्धी फिरवली. चौकट कडेनं दाबली की पडद्याचे चाळे वाढत, सोडली की कमी होत. खालच्या फटीत लाल रेघ दिसत होती आणि काहीतरी वाळून पडद्याला रेटत होतं. काढता आलं असतं. नाही काढलं. एकटीनं काढलं असतं तर आपोआप नीट झाला म्हणाले असते. भासऱ्यांनी नांदेडला खेपा घातल्या, दुकानदार नवाच घ्या म्हणे. घरी येऊन ते पडद्यावर हात आपटायचे. मला चुलीपाशी ऐकू यायचं. त्या दिवशी भाकरी चांगल्या फुगायच्या.

मग भासऱ्यांच्या मुलीच्या सोयरिकीसाठी जावेचे वडील आणि चार पाहुणे आले. भासरे त्यांना जीप दाखवायला गेले आणि पडदा बोंबलायला लागला. मी जावेला म्हणाले, "बाई, त्यायला म्हणा, मी बघते."

"तू?"

"म्हणा तर."

भासरे म्हणाले, "तिला म्हणावं, राहिलेलं बी मोड." पाहुणे हसले. मी किल्ली बंद केली, पदर खोचला, घरातून आणलेल्या फणीच्या दांडीनं चौकट जराशी उचलली आणि जुन्या लग्नपत्रिकेची कड फटीतून हळूहळू फिरवली. लाल चुरा आला, मग अक्षतेचा एक दाणा, मग दुसरा. पत्रिका तशीच जावेच्या वडिलांपुढं धरली.

"जावई, ही तर दसऱ्याची पूजा दिसून राहिली," म्हातारा म्हणाला. "टीव्हीला नैवेद्य बी दाखवला व्हता का?"

किल्ली फिरवली. जावेनं ज्याला बोट लावलं, तेच गाणं लागलं.

"पूजा कोणं केली व्हती?" म्हाताऱ्यानं विचारलं.

भासरे पायातल्या जोड्यांकडं पाहत होते. जाऊच म्हणाली, "ह्यायनंच."

मी तिच्या कानाशी लागले, पण आवाज मोठाच ठेवला. "दिवाळीला मला बसनं धाडलं, हे बी सांगा." तिनं सांगितलं. काय करणार, सगळे ऐकत होते.

"मंग उद्या सोडून या तिला," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर एकटी बसले. जाऊ नव्हती, निरोप पोचवायला मधे कुणी नव्हतं. आई आता माझ्या भावाच्या नव्या घरी राहायची, ते भासऱ्यांनी पाहिलं नव्हतं. गावात शिरताना समोर बघतच ते म्हणाले, "घर कोणत्या अंगाला हाय?" लग्नापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. मी पदर पुढं ओढला. घर आलं, ओट्यावरून आई उठली, जीप पुढं गेली. गल्ली संपली तिथं उकिरडा. भासऱ्यांना अख्खी गल्ली जीप उलटी न्यावी लागली. बाया दारात येऊन पाहत होत्या.

"सांगायचं न्हाई का?" ते म्हणाले.

मी बाहेर बघत बसले. भासऱ्याशी कसं बोलणार?