मयत कुठल्या फाटकातून नेता?

अन्याय झाला तो एका आजीवर. मुरबाडच्या पुढे, वैशाखरे गावाच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी बांधलेल्या ज्येष्ठांच्या वसाहतीत ती राहते. दिवस गेल्या दिवाळीतला, भाऊबीजेचा. वेळ सकाळच्या चहाची. मी तिथे उभी होते, म्हणून लिहितेय.

ही वसाहत म्हणजे धंदा आहे, हे आधी नीट समजून घ्या. खोल्या विकत घेतात ठाण्या-मुंबईची माणसं, गुंतवणूक म्हणून. राहतात दुसऱ्याच कुणाचे तरी आईबाप. मधली कंपनी जेवण, औषधं, साफसफाई बघते आणि मालकाला घरबसल्या भाडं पोचवते. खोलीत कोण झोपतंय, हे मालकाला ठाऊक असायची गरजच नाही.

माझी आत्या तिथे रात्रपाळीला होती. आम्ही बौद्ध, घरात दिवाळी नाही, म्हणून सणाची ड्युटी दरवेळी तिच्याच गळ्यात. "तुम्हाला कुठं फराळ करायचाय, मावशी?" असं मॅनेजर हसत म्हणायचा. सकाळी मी मुरबाडहून स्कूटीवर तिला आणायला जायचे. निघण्याआधी आत्या आजीच्या खोलीत चहा घ्यायची. समोरच्या खोलीतली आजीची मैत्रीणही यायची. आजी जन्माची इकडचीच, डोंबिवलीत संसार करून म्हातारपणी परतलेली. मैत्रीण शहरातली मास्तरीण. दोघी दिवसभर भांडायच्या आणि एकमेकींवाचून जेवायच्या नाहीत.

त्या दिवशी पहाटे मास्तरीणबाई गेल्या.

कंपनीचा नियम आहे: कुणी गेलं तर इतर राहणाऱ्यांना सांगायचं नाही. "मुलीकडे गेल्या" म्हणायचं. मॅनेजरनं आत्याला पुन्हा बजावलं, "एक शब्दही नको. सुट्टीमुळं आज पार्ट्या येतायत, सँपल खोली बघायला."

आत्या आजीच्या दाराशी आली. मी तिच्या मागे. आत तीन कप मांडलेले.

"ये गो, च्या निवतोय. ती मास्तरीण कुठं उलथली?"

आत्या उंबऱ्यातच थांबली.

"आज काय पाय दुखतात? ये की आत."

आत्या हलली नाही. आजीनं कप पुढे केला. आत्यानं हात मागे घेतला.

आमच्या भागात मयताचा सांगावा घेऊन आलेला माणूस उंबरा ओलांडत नाही आणि त्या घरचं पाणीही घेत नाही. कुठल्याही आळीत जा, हे पाळतात. आजीचं पोरपण इथलंच. तिनं आत्याच्या पायांकडं पाहिलं, मग समोरच्या बंद दाराकडं. कप खाली ठेवला.

"मला बघायचीय ती," एवढंच बोलली आणि काठी घेऊन निघाली.

गेली ती पुढच्या फाटकाशी. माणूस पुढच्या दारानंच जाणार, चार माणसांच्या खांद्यावर, सगळ्यांदेखत. तिला दुसरं काही सुचणारच कसं? फाटकाशी एक जोडपं गाडीतून उतरत होतं. एजंट सांगत होता, "आपल्याकडं खोली कधी रिकामी राहत नाही, साहेब. एक गेलं की दुसरं तयार."

आजी वॉचमनला म्हणाली, "थांबव रे त्यांना. तोंड बघू दे एकदा."

वॉचमन म्हणाला, "कुणाला थांबवू, आजी? इथं कोणच नाय."

खरंच कोणी नव्हतं. स्वयंपाकघरामागच्या फाटकातून, भाजीच्या टेंपोच्या पाठोपाठ, मास्तरीणबाईंना घेऊन पांढरी गाडी तेवढ्यात निघून गेली होती. आजी ऊन चढेपर्यंत तिथेच उभी राहिली. एजंटानं जोडप्याला सांगितलं, "आजी भावाची वाट बघतायत. भाऊबीज ना!"

मॅनेजरनं आत्याला बोलावलं. "तुम्हाला सांगितलं होतं ना, बोलायचं नाही?"

"बोलले कुठं? च्या नाय घेतला, एवढंच."

"उद्यापासून येऊ नका."

गाडीवर आत्या माझ्या पाठीला डोकं टेकून म्हणाली, "मागच्या फाटकाकडं जा, एवढं तरी बोलायला पायजे होतं गो."

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत समोरची खोली भरली. खोलीबद्दल एजंट खोटं बोलत नव्हता. स्वयंपाकघरातल्या बाया सांगतात, आजी आता एकटीच चहा घेते. दाराशी कुणी नुसतं थबकलं तरी ओरडते, "आधी आत ये! आत येऊन बोल!" पोरी हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी भ्रमिष्ट झाली.

म्हातारपण हा भरवशाचा धंदा आहे म्हणून तुम्हालाही कुणीतरी माहितीपत्रक दिलं असेल. तुम्ही सँपल खोली बघाल, बाग बघाल, डोंगर बघाल. तेवढ्यावर परतू नका. मागे जा. स्वयंपाकघरामागचं फाटक बघा आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारा: इथून काय काय बाहेर नेता? तुमची खोली तिथे आधीच असेल, तर मालक तुम्ही आहात. शेजारच्या माणसाला त्याच घटकेला सांगायचं आणि मयत पुढच्या फाटकातून न्यायचं, हा नियम करायला लावा. आजी अजून जिवंत आहे. तिच्या हयातीत करा.