जुळवलेलं घड्याळ

आमचे हे भित्रे आहेत. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला नावं ठेवायला नको. पालीला घाबरतात, दंतवैद्याला घाबरतात, दाराची घंटा वाजली की आधी माझ्या तोंडाकडे बघतात. घाबरत नाहीत ते फक्त घड्याळांना.

एका संशोधन संस्थेत वेळ मोजायचा विभाग आहे, तिथे ह्यांची नोकरी. तळघरात एक मोठं घड्याळ आहे, अणूंच्या हालचालीवर चालणारं. साऱ्या संस्थेची वेळ त्याच्यावरून ठरते. दुसरं कुठलंही घड्याळ त्या खोलीत आलं की ते मोठ्याशी जोडायचं, पडद्यावर दोघांतला फरक दिसतो, मग बटण दाबायचं. फरक शून्य! उभा जन्म ह्यांनी हेच केलं. तिथे सगळे ह्यांना 'बिनचूक' म्हणतात, अगदी तोंडावर. ह्यांना ते आवडतं, पण कबूल करणार नाहीत.

ह्यांच्या वरच्या ज्या बाई आहेत, त्या शास्त्रज्ञ. काटकुळ्या, बोलायला लागल्या की समोरचा चहा थंड. त्यांनी कित्येक वर्षं खपून एक प्रवासी घड्याळ बनवलं होतं, ट्रंकेएवढं. ते विमानाने पूर्वेकडे न्यायचं, तसंच पुढे जात पृथ्वीला वळसा घालून परत आणायचं आणि मोठ्याशी ताडून बघायचं. वाटेत बॅटरी सांभाळायला माणूस हवा. बिनचूकशिवाय दुसरं कोण?

घरी आले ते चेहरा पाडूनच. "विमान गं," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"अहो, घड्याळ घाबरत नाही, तुम्ही कशाला?" मी म्हटलं. मी शिवणकाम करते. घड्याळासाठी कापूस भरून जाड खोळ शिवून दिली, पट्ट्यासकट. त्या ट्रंकेचं वेगळं तिकीट काढलं होतं हो! तिला खिडकीची जागा, आणि आमच्या ह्यांना शेजारी.

हे सगळं कशासाठी, ते बाईंनी ह्यांना सांगितलं नव्हतं. मुद्दामच. त्यांच्यात तशी रीतच आहे. मोजणाऱ्याला उत्तर आधी कळलं तर त्याची नजर तिकडे झुकते म्हणे. "घड्याळ चालू ठेवा, परत आणा, मोठ्याला जोडा आणि मला बोलवा," बस्स.

प्रवासभर ह्यांचा एक हात घड्याळावर आणि दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धरलेली. विमान हादरलं की डोळे मिटायचे. एकदा समुद्रावर असं काही गदागदा हललं की घड्याळाला मिठीच मारली. हवाई सुंदरीने विचारलं, पाणी हवंय का, तर ह्यांना 'हो' म्हणायलाही जमेना.

परतले ते विमानतळावरून थेट तळघरात. बाई रस्त्यात अडकल्या होत्या. ह्यांनी घड्याळ मोठ्याला जोडलं, आणि पडद्यावर फरक! घड्याळ मागे पडलं होतं. सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा, त्यातले मोजकेच तुकडे. तुमच्याआमच्या लेखी काहीच नाही, पण ह्यांच्या लेखी केवढं तरी. समुद्रावरच्या त्या हादऱ्यातच बिघडलं, आपल्याच हातून बिघडलं, बाईंची सगळी मेहनत आपण धुळीला मिळवली, असं ह्यांना वाटलं. आणि बोट आपसूक बटणावर गेलं.

शून्य.

मग कुठे जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाई धापा टाकत आल्या. हे हसून बाजूला झाले. शाबासकी मिळेल असं वाटत होतं बिचाऱ्यांना.

बाईंनी पडदा बघितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "शून्य?" त्या तिथेच स्टुलावर बसल्या. "शून्य कसं येईल? अहो, शून्य यायलाच नको!"

तेव्हा ह्यांना कळलं की आपण काय करून बसलो. आणि खरं सांगायच्या ऐवजी हे पिशवी उचलून घरी निघून आले.

मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की माणूस जेवत नाही. ताटावर बसायचं, घास चिवडायचा, उठायचं. फोन वाजला की न्हाणीघरात. मला वाटलं, काहीतरी दुखणं लपवतायत. मीच घाबरले. शेवटी दार अडवून उभी राहिले, "सांगितल्याशिवाय बाहेर सोडणार नाही." तेव्हा सगळं बाहेर पडलं. बाई आता संस्थेच्या मोठ्या साहेबांना सांगणार होत्या की माझं घड्याळ फसलं, हे काम बंद करा.

"अहो, मग बोला ना जाऊन!"

"नोकरी जाईल. आणि लोक काय म्हणतील? बिनचूक?"

खोटं कशाला बोलू, मलाही घाम फुटला. ह्या वयात ह्यांना दुसरं कोण ठेवणार? घटकाभर वाटलं, राहू दे, झाकली मूठ. पण त्या बाई डोळ्यांसमोरून हलेनात. त्या स्वतःलाच दोष देत बसल्या असणार, आणि आम्ही इथे गप्प! "शर्ट घाला," म्हटलं, आणि दंड धरूनच नेलं.

बाईंच्या खोलीत हे उभ्या उभ्या सगळं बोलले, जमिनीकडे बघत. मी दारात, देवाचं नाव घेत. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "बटण दाबण्याआधी आकडा किती होता?"

ह्यांनी सांगितला. तो कसा विसरतील? बाईंनी डोळे मिटले. "उंचीमुळे घड्याळ जरा पुढे जातं, वेगामुळे मागे पडतं. दोन्हीचा हिशेब करून मी जे उत्तर काढलं होतं, ते याला लागूनच आहे." आणि त्या एकीकडे हसतायत, एकीकडे डोळे पुसतायत.

"म्हणजे ते बिघडलं नव्हतं?" हे म्हणाले.

"नाही."

"मग मोठं चुकलं?"

"तेही नाही. दोन्ही बरोबर."

ह्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. विमानातसुद्धा एवढे घाबरले नसतील. बाईंनी दोन्ही तळहात समोर धरले, एक खाली, एक वर. "हे दोन आरसे समजा. मध्ये प्रकाशाचा ठिपका वरखाली उड्या मारतोय. एक उडी म्हणजे एक टिक. विमानात शेजारी बसलेल्या तुम्हाला ठिपका सरळ वर जाताना दिसतो. पण जमिनीवरून बघणाऱ्याला? तोवर आरसे पुढे सरकलेले. त्याला ठिपका तिरका जाताना दिसतो. तिरकी वाट लांब."

मला राहवेना. "मग ठिपका तेवढाच जोरात जात असेल की! चालत्या गाडीत चेंडू उडवला तर त्याला गाडीचाही वेग मिळतो."

"चेंडूला मिळतो. प्रकाशाला नाही. कुणीही मोजा, कुठूनही मोजा, त्याचा वेग तोच. वाट लांब, वेग तोच, म्हणून जमिनीवरून बघितलं तर टिक व्हायला उशीर. आणि तुमच्या खुर्चीतून बघितलं तर उशीरबिशीर काही नाही. बघणारा कुठून बघतोय ते आधी सांगावं लागतं."

"पण मग खरी वेळ कुठली?" ह्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ज्याची त्याची खरी. ज्याचा जसा प्रवास, तशी त्याची वेळ."

हे मटकन खाली बसले. जन्मभर एकाच खऱ्या वेळेला बाकीच्यांना जुळवत आलेला माणूस. त्याला सांगतायत, तशी एकच एक वेळ नाहीच! माझ्याही अंगावर काटा आला.

"पण हा आकडा मला कुठे दाखवता येणार नाही," बाई म्हणाल्या. "बटण दाबलेल्या माणसाच्या तोंडचा आकडा कोण धरणार? आपल्या तिघांपुरताच तो खरा." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला अंधारात ठेवलं, ते माझंही चुकलंच."

मोठ्या साहेबांपुढे हे स्वतः बोलले. 'मी दाबलं' हे शब्द अगदी स्पष्ट बोलले म्हणे. साहेब चिडले ते चिडलेच. वर्षाची पगारवाढ गेली, वेळेच्या खोलीची किल्ली काढून घेतली. घड्याळाला आणखी एक फेरी दिली, पण माणूस दुसरा पाठवा म्हणाले. बाई हटून बसल्या. "वाटेत त्या घड्याळाला यांच्याइतकं कुणी जपणार नाही. फक्त परतल्यावर ते जोडायचं काम माझं." अखेर साहेब हो म्हणाले.

किल्ली गेली त्याचं ह्यांना फार लागलं. आणि विमानाचं भय होतं तसंच.

विमानतळावर घड्याळाची खोळ पुन्हा पुन्हा चाचपत उभे होते. ओठ सुकलेले. निघायची घोषणा झाली तशी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, विमानाबद्दल काही म्हणतील.

"मी परत येईन ना," हे म्हणाले, "तेव्हा माझी वेळ आणि तुझी वेळ एक नसेल. एवढीशी का होईना, वेगळी झालेली असेल. आणि ती मला जुळवता येणार नाही गं. कध्धीच."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला चेष्टा सुचत होती, पण ती गिळून मी खोळीचा पट्टा आवळून दिला.

"नका जुळवू," मी म्हटलं. "तुम्ही फक्त परत या."